जुन्या यंत्रांचे वैद्य
कर्जत-खालापूर भागातील दुरुस्तीविद्येचा अल्प इतिहास

राजांचे व लढायांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. परंतु मोडलेला नांगर पुन्हा कोणी उभा केला, चिखलात बसलेला ट्रॅक्टर कोणी चालता केला, याचा इतिहास लिहिण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाही. त्याचे कारण उघड आहे. ज्यांच्या हाती घण होता त्यांच्या हाती लेखणी नव्हती आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांस घणाचे मोल ठाऊक नव्हते. आपल्या सुतार-लोहार समाजाच्या या वार्षिक स्मरणिकेत तरी ही उणीव काही अंशी भरून निघावी, या हेतूने कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील दुरुस्तीविद्येची हकीकत आम्ही थोडक्यात मांडीत आहोत.

आमचे प्रतिपादन एकच आहे. दुरुस्तीची कला यंत्राबरोबर परदेशातून आली नाही. ती येथे होतीच. यंत्र आल्यावर बदलला तो कारागिराच्या मोबदल्याचा प्रकार. त्या एका बदलाने कारागिराचे हित आणि शेतकऱ्याचे हित यांची फारकत झाली. ती पुन्हा जुळविता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

बलुत्याची रीत

आपला मुलूख भाताचा. मृग लागला की पेरणी, पुढे चिखलणी व लावणी, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. या साऱ्या कामांत नांगर, आळवत, बैलगाडी, कोयती, विळे हीच आपली यंत्रे. ती घडविणे व सांभाळणे हे सुतार-लोहारांचे काम. त्याचा मोबदला रोख मिळत नसे. दर औतामागे ठरलेले धान्य वर्षातून एकदा खळ्यावर मिळे. यालाच आपण बलुते म्हणतो.

या रीतीतील एक मर्म आजच्या तरुणांनी ध्यानी घ्यावे. एका शेतकऱ्याचा फाळ वर्षात एकदा शेवटला काय किंवा दहादा शेवटला काय, कारागिराच्या पदरी धान्य तेवढेच पडे. अर्थात अवजार जितके कमी मोडेल तितका कारागिराचा लाभ अधिक. म्हणून फाळाला पाणी नीट देणे, गाडीच्या आसाला वंगण घालावयास लावणे, आणि वैशाखातच औते तपासून घेणे यांत कारागिराचाही स्वार्थ होता. पाऊस पडल्यावर भात्यापुढे गर्दी झाली तर उन्हाळ्यात आपण हयगय केली, असे जाणता लोहार समजे.

ही विद्या लहान नव्हती. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढविण्याचेच उदाहरण घ्या. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करावयाची, गोवऱ्यांच्या आगीत सर्व बाजूंनी सारखी तापवावयाची, ती प्रसरण पावली की चाकावर बसवून लगेच पाणी ओतावयाचे. आकसताना ती पुठ्ठे, आरे व तुंबा यांना असे आवळून धरी की खिळ्याची गरज उरू नये. आज मोटारीच्या फ्लायव्हीलवर दातेरी कडे बसविताना नेमके हेच करतात. कडे तापवून बसवितात, थंड झाले की ते घट्ट धरते. ज्याने आजोबांच्या हाताखाली धाव चढविली, त्याला ते कडे पाहून नवल वाटण्याचे कारण नव्हते.

तथापि बलुत्याची आरती ओवाळण्याचा आमचा उद्देश नाही. खळ्याच्या कडेला ताटकळत उभे राहावे लागे. दुष्काळी वर्षी शेतकऱ्याबरोबर कारागीरही उपाशी राही. मोलभाव करण्याची सोय नव्हती. भाता ओढणारी आणि प्रसंगी घण मारणारी घरची स्त्री तर कोणत्याच हिशेबात नव्हती. ती रीत गेली याचे दुःख मानू नये. पण अवजार न मोडण्यात दोघांचे हित, हे तिचे तत्त्व मात्र तिच्याबरोबर गेले, ही हानी झाली.

बिडाचा नांगर

हे तत्त्व प्रथम डळमळीत केले ते ओतीव लोखंडाने. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावास सायकलच्या दुकानापासून आरंभ केला, १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोडच्या माळावर कारखाना नेला. तीच आजची किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने सुरुवातीस शेतकरी तो नांगर घेईनात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

आपल्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब निराळी आहे. घडीव लोखंड तापविले की घणाखाली वाकते, वाढते, जोडता येते. ओतीव बीड तसे नाही. त्यावर घण घातला की ते फुटते. म्हणजे कारखान्याच्या नांगराबरोबर गावात एक नवीन वस्तू आली, ती म्हणजे सुटा भाग. झिजलेला भाग आता घडवावयाचा नव्हता, विकत आणून बसवावयाचा होता. घडविणारा हात आणि बसविणारा हात यांतील अंतर तेथून सुरू झाले. कोकणातील लहान बैल व चिखलाची खाचरे यांमुळे आपल्याकडे लाकडी नांगर पुढेही पुष्कळ काळ टिकला. म्हणून हे अंतर येथे जरा उशिराने जाणवले इतकेच.

इंजिनांचा काळ

सन १९१५ मध्ये खोपोलीस टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे. ती वीज मुंबईकडे गेली; पायथ्याच्या खेड्यांतील घरांत दिवा लागण्यास पुढे कित्येक दशके गेली. मात्र भिवपुरीचे सुटलेले पाणी पेज नदीत येऊन राजनाल्याच्या कालव्याने कर्जतच्या शेतांत पोहोचले आणि उन्हाळी भाताचे दुसरे पीक शक्य झाले. कर्जतचे भात संशोधन केंद्र तर १९१९ पासून येथे आहेच. दोन पिके म्हणजे दुप्पट चिखलणी, दुप्पट मळणी, दुप्पट भरडणी, आणि अवजारांची दुप्पट झीज.

वीज नसलेल्या गावांत हे काम तेलाच्या इंजिनांनी उचलले. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीचे सहा अश्वशक्तीचे, मिनिटास अवघे साडेसहाशे फेरे घेणारे इंजिन आपल्या देशात इतके रुळले की राजकोटच्या कारखानदारांनी त्याच्याच नमुन्यावर इंजिने केली. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यास खडकी येथे तेल-इंजिनांचा कारखाना काढला. त्यांचे पाच अश्वशक्तीचे इंजिन मिनिटास पंधराशे फेरे घेई. भाताच्या गिरणीत एंगलबर्ग नमुन्याचा हलर आणि शेजारी असे एखादे इंजिन, पट्ट्याने जोडलेले, असा देखावा पुष्कळ वर्षे सर्वत्र दिसे.

संथ इंजिनाचे एक मोठे सुख होते. ते कारागिराला समजे. त्याचा ठोका कानाने मोजता येई. नॉझल बिघडले, व्हॉल्व्ह ढिला झाला, बेअरिंग वाजू लागले, तर ते दुरून कळे. बेअरिंगमध्ये पांढरा धातू वितळवून ओतावा, आसावर तेलात कालविलेली काजळी लावून तो फिरवावा, जेथे डाग उमटेल तेथे खरवडावे, आणि सर्वत्र सारखा डाग उमटेपर्यंत हे चालू ठेवावे, ही कृती पुस्तक न वाचताही साधणारी होती. पोलादाला पाणी देताना गवती पिवळा, जांभळा व निळा रंग ओळखणाऱ्या डोळ्याला हे नवे नव्हते.

यंत्र जुने झाले म्हणजे निकामी झाले, हा समज खोटा ठरविणारे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. नेरळ-माथेरानची दोन फुटी रुळांची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभारलेल्या या मार्गावर जर्मनीतील ओरेनस्टाइन व कोपेल कंपनीची चार वाफेची इंजिने आणली गेली. ती चार इंजिने सुमारे पाऊण शतक, म्हणजे १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत, घाटाची चढण आणि तीव्र वळणे झेलीत राहिली. पावसाळ्याचे धुके, गंज, चढाचा ताण हे सर्व शत्रू असताना ती टिकली, ती नित्य तपासणीमुळे. इंजिन मोडल्यावर शेडमध्ये न्यावयाचे नसते. ते मोडू नये म्हणून रोज शेडमध्ये पाहावयाचे असते, हा धडा नेरळने आपणांस दिला.

जीप आणि ट्रॅक्टर

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक वाहन आणले. अमेरिकेत १९४१ पासून १९४५ पर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी त्या एकाच आराखड्यावर केल्या, इतक्या तंतोतंत की एकीचा भाग दुसरीस बसावा. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती करता यावी, हा त्यातील हेतू. शांततेच्या काळात हाच गुण गरिबाच्या कामी आला. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे त्या घराण्याच्या गाड्या येथेच बनू लागल्या. जेथे बैलगाडीची वाट संपे तेथे जीप चढे. कशेळे-कडावकडील कच्च्या रस्त्यांवर, डोंगराच्या वाड्यांकडे जाणाऱ्या वाटांवर माणसे, भाताची पोती, आजारी रोगी यांना तिनेच वाहिले.

जुन्या यंत्रांवर देशाचे काम कसे चालले, याचे उदाहरण सरकारनेही घालून दिले आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास, अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस गवताने गिळलेल्या जमिनी नांगरण्याचे काम हाती घेतले. नव्या यंत्रांसाठी जागतिक बँकेचे १ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले ते नंतर, १९४९ मध्ये. आधी दुरुस्ती, मग खरेदी, असा हा क्रम होता.

पुढे १९६३ मध्ये महिंद्रांच्या भागीदारीने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली आणि तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर देशभर गेला. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ पासून जपानी मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर काढले. ज्या लहान खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही, त्यांत हे दोनचाकी यंत्र चालले. इकडे खोपोलीस १९६२ साली स्थापन झालेल्या महिंद्र युजीन कंपनीच्या कारखान्यात मिश्र पोलाद होऊ लागले. कालपर्यंत भात्याजवळ बसणाऱ्या कुळांतील मुले फिटर, टर्नर, वेल्डर म्हणून अशा कारखान्यांच्या पाळ्या करू लागली. सुटीच्या दिवशी तीच मुले गावात परतून जुने इंजिन खोलीत. कारखान्याची मोजपट्टी आणि आजोबांचा अंदाज, या दोहोंच्या संगमातून आपल्या भागातील दुरुस्तीविद्या परिपक्व झाली. उलट दिशेनेही देवघेव चाले. जीप व ट्रक यांचे मोडलेले पाटे लोहाराकडे येत आणि त्यांतून उत्तम कोयते निघत.

काटकसर कशात करावी

थोड्या पैशांत जुने यंत्र चालविणे म्हणजे स्वस्त भाग बसविणे नव्हे. जाणत्या कारागिरांच्या अनुभवाचे सार आम्ही येथे देतो.

इंजिनाचे आयुष्य हे मोजके हप्ते असलेले कर्ज समजावे. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कातून वाढीव मापाचा पिस्टन घालतात. सामान्यतः ही मापे इंचाच्या हजारांश भागांत वीस, चाळीस व साठ अशी असतात. म्हणजे तीन संधी. चौथी वेळ आली की बाही बदला, नाही तर ब्लॉक टाका. आता हवेच्या गाळणीतील तेल न बदलल्याने धूळ आत गेली, तर एक संपूर्ण हप्ता एका हंगामात संपतो. एक वाटी तेल वाचविण्यासाठी असा हप्ता घालविणे ही काटकसर नव्हे.

चिखलणीनंतर पॉवर टिलरच्या गिअरपेटीत पाणी शिरते. पेटीचा तळचा बूच हळूच सैल करावा. पाणी जड असल्यामुळे ते आधी ठिबकते. तेल दुधाळ दिसले तर सील गेले असे समजावे आणि तेल त्याच दिवशी बदलावे. पावसाळ्यात डिझेलची टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरून पाणी साचत नाही. यंत्र खोलताना भाग काढलेल्या क्रमाने गोणपाटावर मांडावेत, जोडांवर खुणा कराव्यात. घाईने एका डब्यात टाकलेल्या बोल्टांनी कित्येक चांगली इंजिने कायमची बसविली आहेत. एकाच जातीचे दुसरे मोडके यंत्र भंगाराच्या भावाने मिळाले तर घेऊन ठेवावे.

मात्र ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावरील आवरण यांत काटकसर करू नये. घाटात उतारू भरलेली जीप किंवा बांधावर तिरपा झालेला ट्रॅक्टर क्षमा करीत नाही. जो कारागीर मालकाच्या आग्रहास बळी पडून झिजलेल्या ब्रेकवर गाडी सोडतो, तो विद्येचा अपराधी होय. अशा वेळी काम नाकारण्याचे धैर्य हाच आपल्या व्यवसायाचा खरा मान आहे.

आजचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सांप्रत कारागिराला मोबदला मोडण्यामागे मिळतो. यंत्र जितके मोडेल तितकी मिळकत. यात कोणी दुष्ट आहे असे नव्हे. व्यवहारच तसा बांधला गेला आहे. शेतकरीही यंत्र बंद पडेपर्यंत कारागिराकडे फिरकत नाही, कारण तपासणीचे पैसे त्याला व्यर्थ वाटतात. पाऊस सुरू झाल्यावर सर्वांची यंत्रे एकदम बंद पडतात, भाग मिळत नाहीत, आणि लावणीचे मोलाचे दिवस निघून जातात.

दुसरीकडे यंत्रांची जातही बदलत आहे. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी इंधनाचे नियंत्रण बहुतांशी संगणकाकडे गेले असून दोष शोधण्यास कंपनीचे उपकरण लागते. हा झगडा जगभर चालू आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेतयंत्रांच्या मालकास दुरुस्तीची माहिती व साधने मिळण्याचा हक्क दिला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली; तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची यंत्रे आहेत. बिडाच्या नांगराने जे अंतर पाडण्यास आरंभ केला, तेच आता संगणकाने पूर्ण होऊ पाहत आहे. पन्नासाच्या आतील लहान ट्रॅक्टर, टिलर व जुनी जीप मात्र अद्याप आपल्या हातातली आहेत, आणि आपल्या भागातील लहान शेतकऱ्याच्या दारी बहुधा हीच असतात.

यंत्राची गरजच कमी करण्याचा एक मार्ग नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी दाखविला आहे. त्यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे एकदा करून ठेवतात व चिखलणी टाळतात. जे यंत्र चिखलात उतरले नाही त्याचे सील जात नाही, हे सांगणे नलगे.

आपल्या समाजाने काय करावे, याविषयी तीन नम्र सूचना आम्ही करतो. पहिली, बलुत्याचे तत्त्व रोख पैशांत पुन्हा आणावे. गावातील दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एका कारागिराशी वर्षाचा करार करावा: ठरलेली रक्कम, वर्षातून दोनदा तपासणी, आणि मजुरी त्यातच. भागांची किंमत शेतकऱ्याची, श्रम कारागिराचे. यात मानहानी नाही, खळ्यावर ताटकळणे नाही. लेखी करार आहे. दुसरी, खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो. ती केवळ हळदकुंकवाने न आटोपता त्या दिवशी प्रत्येक हत्यार व यंत्र खोलून, पुसून, वंगण घालून पाहावे. आपल्या पूर्वजांनी हा दिवस पावसाळा संपताना धरला, यात शहाणपण आहे. तिसरी, मुलांना शिक्षण द्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा व फिटरचा दोन वर्षांचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा हस्तव्यवसायांत सुतार व लोहार येतात. अवजारांसाठी १५,००० रुपये व दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज यांची तीत तरतूद आहे. इंजिनदुरुस्तीचा उल्लेख मात्र त्या अठरांत नाही. तो व्हावा म्हणून ज्ञातिसंस्थांनी मागणी केली पाहिजे, कारण आजचा लोहार हा पुष्कळदा इंजिनाचाच लोहार आहे.

शिक्षकी पेशात असताना, वर्गात मागे बसणारी परंतु घरी पंप खोलून पुन्हा जोडणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. शाळेने त्यांच्या गुणपत्रिकेत त्या विद्येला जागा ठेवली नव्हती. समाजाने तरी ती ठेवावी. आपल्या घरातील वृद्ध कारागिरांजवळ बसून, कोणते इंजिन कसे बोलते, फाळाला पाणी कोणत्या रंगावर द्यावे, हे वहीत उतरवून घ्यावे. भाता विझला तरी ती वही उरेल, आणि पुढल्या पिढीतील एखाद्या मुलाच्या हाती ती पडली तर विझलेली आग पुन्हा पेटविता येईल. ज्ञातिबांधवांस व भगिनींस एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.